वैनगंगेचा काठ : छायाचित्र आणि जलरंग

दिवाळीनंतर बालाघाटला आमच्या भगिनीकडे जाण्याचा योग आला. सायंकाळी भाच्यासह वैनगंगेच्या घाटावर गेलो. भाचा हौशी चित्रकार. जलरंगांची पेटी बरोबर होती, पण त्याने ती उघडलीच नाही. मोबाईलवर चार छायाचित्रे टिपून म्हणाला, "मामा, ऊन थांबत नाही. घरी जाऊन रंगवीन."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नदीकाठी बसून चित्र पुरे होईतो सावल्या सरकलेल्या असतात. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली, १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि क्षण धरून ठेवण्याचे साधन चित्रकारांच्या हाती आले. आजच्या जलरंगांत पावसाने चकाकणारा रस्ता, पाठीमागून येणारे ऊन, चौकटीच्या कडेला अर्धीच दिसणारी सायकल पुष्कळदा आढळते. ही दृष्टी बरीचशी कॅमेऱ्याने शिकविली आहे.

रात्री चित्र पाहिले. रेखाटन अचूक, परंतु झाडांखालची सावली काळीकुट्ट आणि पाणी कोरे पांढरे! घाटावर त्याच सावलीत आम्ही निळा, जांभळा, तपकिरी रंग पाहिला होता. उजेडाकडून अंधाराकडे वळताना डोळा स्वतःस जुळवून घेतो. कॅमेरा बहुधा सारे दृश्य एकाच मापाने मोजतो. जलरंगात तर सावली पारदर्शक ठेवावी लागते आणि प्रकाश म्हणजे राखलेला कोरा कागद. सावळाराम हळदणकरांचे निरांजन हाती घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची कन्याच समोर उभी राहिली होती. ज्योत आणि तिचा चेहऱ्यावरील उजेड, दोन्ही त्यांनी जलरंगातच साधले आहेत.

"मग आपली छोटी गाडी कशी काढू?" भाच्याने विचारले. प्रश्न मार्मिक होता. गोंदियाहून बालाघाटमार्गे सातपुड्यात शिरणारी अडीच फुटी रुळांची ती गाडी १९०३ साली सुरू झाली. बालाघाटपुढील तिची वाट २०१५ साली बंद पडली. आता तिच्यासमोर बसून चित्र काढणार कसे? उरली ती छायाचित्रेच.

आम्ही म्हटले, "इंजिनाचा आकार छायाचित्राला विचार, रंग मात्र आईला विचार."

भगिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "नैनपूरकडे जाताना दोन्ही बाजूंनी बांबू खिडकीशी येत. डब्यात हिरवा उजेड पसरे. सासूबाईंचे पांढरे लुगडेदेखील हिरवट दिसे."

भाच्याने ते तत्काळ लिहून घेतले. घरातल्या छायाचित्रात ते लुगडे करडे होते.

वाचकांच्या घरीही अशी जुनी छायाचित्रे असतील. ती पाहिलेली माणसे आहेत तोवर मागील बाजूस नावांबरोबर रंगही लिहून ठेवावेत. पुढे एखादा नातू कुंचला हाती घेईल, तेव्हा छायाचित्र त्याला आकार देईल; रंग सांगणारे मात्र कोणी तरी हवे.