आईचं ताट

बाबा गेले तेव्हा आईचं वजन 58 किलो होतं. वर्षभरात 51 झालं. "वय झालं की माणूस वाळतोच," ती म्हणायची. मी मोबाइलवर बघून तिलाही माझंच डाएट लावलं होतं: रात्रीचं जेवण नाही, भात बंद. माझं पोट उतरलं. ती मात्र जिन्यात कठडा धरू लागली.

2015 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 800 जणांची साखर आठवडाभर मोजली. तेच अन्न खाऊन एकाची साखर चढली, दुसऱ्याची नाही. हे मी वाचलं होतं, घरात लावून पाहिलं नव्हतं. वयाबरोबर स्नायू झिजतात. त्यांना प्रथिनं लागतात आणि थोडे कष्टही. प्रौढांसाठी आयसीएमआरचा आकडा किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे आईला दिवसाला साधारण 42. मोजले तर ताटात वीसही नव्हते.

आता रात्री मी जेवत नाही, ती जेवते: मुगाचं धिरडं, वाटीभर दही. सकाळी खुर्चीतून हात न टेकता 10 वेळा उठते. काल आठव्यांदा उठताना म्हणाली, "तुझ्या बाबांकडूनही हे करून घ्यायला हवं होतं रे."

मी मोजत राहिलो. "नऊ."