मी, तू आणि तो

बोलणारा तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय पुरुष आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय पुरुष, हे व्याकरणात आपण सर्वच शिकतो. 'मी', 'तू' आणि 'तो' या तीन इवल्याशा शब्दांत सारे माणूसजग मावते, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. पुष्कळ वर्षे हा धडा शिकविल्यानंतर त्याचा एक नवा अर्थ मला उतारवयात उमगला, आणि तोही चक्क बंदुकीच्या एका व्हिडिओ गेममध्ये!

निवृत्त मुख्याध्यापकाने असले खेळ खेळावेत, हे पुष्कळांना शोभत नाहीसे वाटते. माधवनगरातील माझी मित्रमंडळी त्यावरून माझी थट्टाही करतात. परंतु ज्या वस्तूविषयी मुलांना चार शब्द सांगायचे, ती आधी स्वतः हाताळून पाहावी, असे माझे मत आहे. म्हणून आठवड्यातून दोन-तीन वेळा मी नातवाच्या शेजारी बसून अर्धा तास खेळतो. मी काही पट्टीचा खेळाडू नव्हे. बहुधा पहिल्या दोन मिनिटांतच माझा निकाल लागतो आणि नातू "आजोबा, भिंतीच्या आडोशाने जा ना!" असे म्हणत कपाळाला हात लावतो.

या खेळांना इंग्रजीत 'फर्स्ट पर्सन शूटर', म्हणजे प्रथमपुरुषी नेमबाजीचे खेळ, म्हणतात. त्यांत खेळणाऱ्याला स्वतःचे शरीर दिसत नाही. दिसतात ते केवळ पुढे आलेले हात आणि हातांतील शस्त्र. पडदा म्हणजे जणू आपलेच डोळे! अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९२ साली 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि १९९३ साली 'डूम' हे खेळ काढले, तेव्हापासून या प्रकाराचा बोलबाला झाला. त्या काळचे संगणक आजच्या साध्या मोबाइलहूनही दुबळे होते. तरीही भिंती खऱ्या भासाव्यात, यासाठी 'वुल्फेन्स्टाइन'मध्ये एक सुरेख युक्ती योजिली होती. पडद्याच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी संगणक एक काल्पनिक किरण सोडतो आणि तो भिंतीला कोठे लागतो, ते अंतर मोजतो. अंतर थोडे असेल, तर भिंतीचा तेवढा पट्टा उंच काढतो; अंतर जास्त असेल, तर बुटका काढतो. माधवनगर स्टेशनच्या फलाटावरून पाहिले, की आगगाडीचे रूळ दूरवर एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात ना? त्यातलेच हे गणित! ते प्रथम समजले, तेव्हा हा खेळ रचणाऱ्यांच्या बुद्धीला मी मनोमन नमस्कार केला.

खेळता खेळता मला या खेळांचे गुणही दिसले. नजर चौफेर ठेवावी लागते आणि डोळा व हात यांचा मेळ क्षणात जमवावा लागतो. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रीन आणि बॅव्हेलिअर या संशोधकांनी २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. असे वेगवान खेळ खेळणाऱ्यांची दृष्टी एकाच वेळी अधिक गोष्टींकडे अवधान ठेवू शकते, असे त्यांना आढळले होते. शिवाय हे खेळ आता केवळ परदेशातून येत नाहीत. 'मास्कगन' हा असाच एक खेळ पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने घडविला. तेव्हा ज्याला या खेळांचे वेड आहे, त्याने ते घडविण्याचे गणितही शिकावे, असे मला वाटते.

हे सगळे खरे. तरीही माझ्या मनात एक गोष्ट सलते. या खेळात 'मी' आहे. समोरून येणारा 'तो' आहे. 'तू' मात्र कोठेच नाही! समोरच्याला नाव नाही, घर नाही. तो बोलू लागण्यापूर्वीच त्याला टिपायचे असते. ज्याला आपण 'तू' म्हणतो, त्याच्यावर नेम धरताना हात कापतो; 'तो' मात्र नुसते लक्ष्य होऊन बसतो.

एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा नातू आणि त्याचा मित्र एकाच खोलीत आपापले मोबाइल घेऊन खेळत होते. नातवाने आडून नेम धरला आणि डाव जिंकला. मित्र काही न बोलता उठून गेला. मी विचारले, "काय रे, काय झाले?" नातू पडद्यावरून मान न उचलता म्हणाला, "काही नाही आजोबा, तो हरला."

जाताना त्या मुलाचे डोळे भरून आलेले मी पाहिले होते. मी एवढेच म्हणालो, "खेळातला गडी हरला, हे समजले. पण तुझा मित्र का गेला?" नातू क्षणभर गप्प राहिला, मग अनवाणीच धावत सुटला. तासाभराने परतला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मित्राच्या वडिलांना इचलकरंजीला काम मिळाले होते आणि जूनपासून मित्राची शाळा बदलणार होती. तेच सांगायला तो बिचारा आला होता. पण सांगायला वेळच मिळाला नव्हता.

मग हे खेळ बंदच करावेत काय? २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने 'पब्जी मोबाइल'सह ११८ ॲपांवर बंदी घातली. त्या बंदीचे कारण देशाची आणि माहितीची सुरक्षितता हे होते. पुढच्याच वर्षी त्याच जातीचा खेळ नव्या नावाने आला आणि मुले पुन्हा खेळू लागली. सरकारच्या बंदीने घरातला अबोला सुटत नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली निराळा मार्ग काढला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरी मोबाइल व दूरदर्शन संच बंद व्हायचे. साडेआठपर्यंतचा तो दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा आणि एकमेकांशी बोलण्याचा. मला ही युक्ती फार आवडली. कारण तिने खेळाला शत्रू न मानता 'तू' या शब्दासाठी रोजची जागा राखून ठेविली.

प्रथम पुरुषाच्या डोळ्यांनी पाहणे, यात मुळी दोष नाही. २००७ साली निघालेल्या 'पोर्टल' या खेळातही पडदा म्हणजे आपले डोळेच असतात आणि हातात बंदूकसदृश यंत्र असते. मात्र त्या यंत्रातून गोळी सुटत नाही; भिंतीत दार उघडते! त्या दारांतून वाट कशी काढायची, हे कोडे सोडवीत पुढे जायचे असते.

मुलांनो, खेळावर लिहिलेली वयाची मर्यादा पाहा, वेळ ठरवून घ्या आणि मग मनसोक्त खेळा. परंतु शेजारी कोणी येऊन बसला, तर हातातला डाव हरला तरी चालेल, आधी मान वर करून त्याला विचारा, "तू कसा आहेस?"