पाराकूचे दाजी

रिसेप्शनमधल्या सोफ्यावरून उठलो आणि मागून 'फर्र' असा आवाज आला. घामाने प्लॅस्टिकला चिकटलेली पँट सुटताना येतो तो. आवाज ओळखीचा होता. वेंगुर्ल्यात आमच्या शेजारी एक निवृत्त तलाठी राहायचे, सगळं गाव त्यांना दाजी म्हणायचं. दाजींनी दुकानातून आलेल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक वीस वर्षं काढलं नव्हतं. मे महिन्यात त्यांच्याकडून उठणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी फाटल्याचा आवाज करत उठायचा आणि दाजी म्हणायचे, "बसा हो, घाई कसली?" म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात, पाराकू नावाच्या शहरात, ज्या हॉटेलात मला पुढचे एकेचाळीस दिवस काढायचे होते त्याला मी पहिल्या संध्याकाळीच दाजी म्हणू लागलो. खरं नाव सांगत नाही. खोडी सांगायच्या आहेत, आणि मी त्यांचं मीठ खाल्लेलं आहे.

2015 सालचा मार्च होता. मी काजू बी तपासायला गेलो होतो. आमच्याकडचे कारखाने नुसत्या गावच्या बीवर वर्षभर चालत नाहीत, आफ्रिकेची बी बोटीने येते. बेनिनची बी फेब्रुवारी ते मे या दिवसांत गोळा होते आणि तिचा बराच बाजार पाराकूच्या आसपास भरतो. किनाऱ्यावरच्या कोतोनू शहरात सकाळी बस धरली की दिवसभर उत्तरेकडे. वाटेत अधूनमधून मीटरगेजचे रूळ दिसतात. फ्रेंचांना हा लोहमार्ग पार नायजर देशापर्यंत न्यायचा होता. तो 438 किलोमीटर आला, पाराकूला पोचला आणि थांबला. मी गेलो तेव्हा त्यावरून गाडीही जात नव्हती. पाराकूचा स्वभाव मला त्या रुळांवरूनच कळला. इथवर आलो, पुरे झालं, आता जरा टेकू, असं म्हणून बसलेलं शहर.

दाजी दुमजली होते. अंगावर फिकट पिवळा रंग, पायापासून गुडघ्यापर्यंत तांबड्या धुळीची पट्टी. आपल्या आंबोलीच्या रस्त्याकडेची झाडं उन्हाळ्यात दिसतात तशी. कपाळावर नावाची पाटी, तिच्यातलं मधलं एक अक्षर रात्री पेटत नसे, त्यामुळे अंधारात दाजींचं नाव बोबडं व्हायचं. दारात दोन कुंड्या, आत राष्ट्राध्यक्षांचा फोटो. तेव्हाचे अध्यक्ष बोनी यायी जवळच्याच चाऊरूचे, त्यामुळे इतर ठिकाणी नुसता टांगलेला फोटो इथे पुसलेलाही असायचा. मागच्या अंगणात एक पोहण्याचा तलाव होता. निळ्या फरशीचा, पायऱ्यांचा, 'खोल पाणी' अशी सूचना लिहिलेला आणि पूर्ण कोरडा. त्यात दोऱ्या बांधून चादरी वाळत घातलेल्या असत. वारा तलावात शिरला की चादरी लाटांसारख्या हलायच्या आणि दाजींची अब्रू काही अंशी राखली जायची.

आल्याआल्या एक छापील कागद भरावा लागतो. फ्रेंच अंमल गेला तरी हा कागद राहिला आहे. नाव, जन्म, व्यवसाय, आणि शेवटी दोन प्रश्न: कुठून आलात? कुठे जाणार? दुसऱ्या प्रश्नापाशी मी अडखळलो. मॅनेजरबाई, म्हणजे मादाम, समोर उभ्या होत्या. उंच, भरदार, डोक्याला कपड्याचा फेटा. त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि स्वतःच 'पाराकू' असं लिहून टाकलं. आलेला माणूस दुसरीकडे कशाला जाईल, असा त्यांचा हिशेब.

खोल्या दोन जातींच्या होत्या. 'व्हाँतिले' म्हणजे पंख्याची आणि 'क्लिमातिझे' म्हणजे एसीची. पंख्याची आठ हजार फ्रँक, एसीची पंधरा हजार. आकडा ऐकून छातीत धस्स व्हायला नको. तिथला सीएफए फ्रँक युरोला बांधलेला आहे, एका युरोला 655.957. तेव्हाच्या दराने पंधरा हजार म्हणजे आपले दीड हजाराच्या आसपास. कंपनीने एसी मंजूर केला होता, मी आठ नंबरची एसीची खोली घेतली. दाजींच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा मला त्याच रात्री मिळाला. साडेआठला वीज गेली. आपल्याकडे लोडशेडिंग तसं तिकडे 'देलेस्ताज'. तेव्हा त्या देशाची बरीचशी वीज घाना आणि नायजेरियाकडून विकत यायची, आणि विकत आणणाऱ्या घरात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. मागच्या अंगणात जनरेटर सुरू झाला. तो पेट्रोलवर चालायचा, आणि पेट्रोल यायचं नायजेरियाहून चोरवाटेने आलेलं, रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत मांडून विकतात ते 'क्पायो'. दोनदा खाकरून त्याने सूर धरला. दिवे लागले, पंखा फिरला, एसी मात्र गप्प. चौकशी केली तेव्हा कळलं की जनरेटरला एसी झेपत नाही. म्हणजे एसीचे पैसे भरणाऱ्याला पंखा मिळतो. मग पंख्याचे पैसे भरणाऱ्याला काय? तर त्या बाजूला जनरेटरची तारच नाही, त्यांना कंदील. प्रत्येकाला मागितल्यापेक्षा एक पायरी खालचं. यात लबाडी आहे असं मला वाटलं नाही. दाजींनी आयुष्याबद्दल जे अनुभवलं होतं तेच ते पाहुण्यांना देत होते.

अकराच्या ठोक्याला जनरेटर बंद व्हायचा. मग मात्र जी शांतता उतरायची तिला तोड नाही. आधी पंखा थांबायचा, मग त्याच्या पात्यांची सावली. दूर कुठेतरी एक मोटरसायकल टॅक्सी, 'झेमिजाँ', जाऊन मिटायची. त्यानंतर शहरात आवाज नाही. रात्रीचा राखणदार अंगणात चटई टाकून पडायचा, त्याच्या उशाशी छोटा रेडिओ, त्यावर मला न कळणाऱ्या भाषेत बोलणारा एक माणूस, बहुधा देंदीत. मुंबईच्या लॉजात झोपलेल्या माणसाला शांतता ही पहिल्या मजल्यापेक्षा महाग असते हे माहीत आहे. दाजी ती फुकट द्यायचे, आणि ती आपण देतो आहोत हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

आता जेवण. दाजींचं मेन्यूकार्ड आठ पानी होतं, प्रत्येक पानाला प्लॅस्टिकचं पाकीट. त्यात मासे होते, तीन तऱ्हेचे सूप होते, केकही होता. पहिल्या दिवशी मी मासा मागितला. वाढणारा पोरगा अदबीने म्हणाला, "से फिनी." संपलं. सूप? "से फिनी." मी विचारलं, कधी संपलं? तो जरा विचारात पडला, कारण ते कधी होतं का हे त्यालाही आठवत नव्हतं. पण 'नाही' हा शब्द त्या घरात उच्चारायचा नव्हता. नसलेली वस्तू संपलेली असते. असलेली वस्तू 'सा व्हिएँ', म्हणजे येतेय. ती यायला तास लागला तरी येतेयच. आणि काही बिघडलंच, नळ गेला, कुलूप अडकलं, तर 'सा व्हा अले', होईल हो ठीक. या तीन वाक्यांवर दाजींचा संसार उभा होता. आमच्या तलाठी दाजींचंही तसंच, साखर संपली की त्यांच्याकडे "चहा जरा कमी गोड घेतो आम्ही हल्ली" असायचा.

जे खरोखर मिळायचं ते उत्तम होतं. सकाळी फ्रेंचांनी मागे ठेवलेला लांब पाव, आम्लेट, नेसकॅफेचा डबा आणि घट्ट गोड दूध. दुपारी 'सायकल कोंबडी'. गावठी कोंबडीला तिथे हेच म्हणतात, दिवसभर वणवण फिरून पायाची काटकी झालेली. आणि पाराकूचं खरं अन्न, कुटलेला, कणगीच्या कुळातला याम. साडेअकरा वाजले की मागच्या बाजूला दोन बायका समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीने मुसळं घालायच्या. धप्-धप्, धप्-धप्. एकीचं वर, दुसरीचं खाली, मध्ये तिसरी हात घालून गोळा उलटणार. तिचा हात कसा वाचतो हे मला एकेचाळीस दिवसांत समजलं नाही. मिक्सर येण्यापूर्वीचं कोकण मला त्या आवाजात ऐकू यायचं. त्या पांढऱ्या लुसलुशीत गोळ्याबरोबर शेंगदाण्याचा रस्सा आणि 'वागाशी'. वागाशी हे फुलानी गवळ्यांचं चीज, पनीराचा थोरला भाऊ, वरून लाल रंगवलेलं. दूध फाडायला ते काय वापरतात हे एका गवळणीने मला झुडूप मोडून दाखवलं तेव्हा मी हसलोच. रुई! शनिवारी मारुतीला आपण जिची माळ घालतो आणि जिचा चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून पोरांना ओरडतो, ती. त्या चिकाचं चीज मी रोज खात होतो. घरी फोनवर सांगितलं नाही.

भिंतींवर सरडे होते. नराचं डोकं शेंदरी, अंग निळं, आणि सवय अशी की थांबला की पुढचे पाय ताठ करून मान वरखाली करायचा. मी वऱ्हांड्यात बसून हिशेब लिहायचो आणि समोर तीन-चार सरडे माझ्या प्रत्येक आकड्याला होकार भरायचे. दाजींच्या घरात 'नाही' नाही म्हणतात ते सरड्यांपर्यंत पोचलेलं.

आता माझी खोडी सांगतो, कारण सगळ्या दाजींच्याच सांगणं बरं नव्हे. बी तपासायची रीत अशी की ढिगातून किलोभर नमुना घ्यायचा, एकेक बी कटरने उभी चिरायची, चांगला गर बाजूला काढून तोलायचा आणि 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल ते काढायचं. 47-48 आले की माल चांगला, 44 वर भाव पाडायचा. हे काम खळ्यावर करायचं. पण खळ्यावर ऊन, धूळ, आणि भोवती गोळा होऊन "बातुरे, बातुरे" म्हणणारी पोरं. परका माणूस म्हणजे बातुरे. मी आपला नमुना खोलीवर आणला आणि टेबलावर चिरत बसलो. टरफलातलं तेल काय चीज असतं हे आमच्या कारखान्यातल्या बायकांच्या बोटांना विचारा. दाजींच्या लाकडी टेबलावर ताटाएवढा काळा डाग पडला. चादरीला पुसलेली बोटं वेगळीच.

मादाम आल्या. त्यांनी डागावर अंगठा घासला, वास घेतला, खिडकीतून बाहेर बघितलं. मी पाकिटाला हात घातला. भरपाई देऊ केली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, ओरडल्याही नाहीत. "तुम्ही लोक ही बी इतक्या लांब नेता ती कशाला?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, फोडायला. "आणि फोडून?" खायला, विकायला, युरोपलाही जाते. मादामनी ऐकलं आणि म्हणाल्या की त्यांच्या माहेरी काजूची झाडं आहेत, त्यांनी बोंडू पोटभर खाल्लेत, पण भाजलेला गर पहिल्यांदा खाल्ला तो विमानतळावर, पाकिटातला. यावर मला काही उत्तर सुचलं नाही. काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते गोव्याला आणलं आणि तिथून आमचं कोकण काजूचं झालं. त्याच पोर्तुगीजांचा एक चिमुकला किल्ला याच बेनिनच्या किनाऱ्यावर, वीदा गावात, 1961 पर्यंत होता. तो सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी जाताना त्याला आग लावली. त्याच वर्षी डिसेंबरात ते गोव्यातून गेले. एवढा मोठा शेजार, आणि आमची ओळख मात्र एका डागावरून.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक फुलाफुलांचं प्लॅस्टिक अंथरलेलं होतं, चारी बाजूंनी चुका मारून पक्कं केलेलं. अंगणात एक जुनी पत्र्याची परात आणि बैठं स्टूल ठेवलेलं. परातीत बी, स्टुलावर मी. दाजींनी माझी सोय केली होती, आणि स्वतःचीही.

2018 साली पुन्हा गेलो. पाटीतलं मधलं अक्षर आता पेटत होतं, पहिलं गेलं होतं. तलाव कोरडा, चादरी नव्या. कागद भरताना 'कुठे जाणार' पाशी मी स्वतःच पाराकू लिहिलं. मादामनी आठ नंबरची किल्ली न विचारता काढून दिली आणि परात बाहेर आणायला सांगितलं. यावेळी मी वेंगुर्ल्याहून दोन किलो खारवलेला काजूगर नेला होता. मादामनी एक तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि डबा राष्ट्राध्यक्षांच्या फोटोखालच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. पाहुणे आले की काढायचा. फोटो आता दुसऱ्या अध्यक्षांचा होता.

1 एप्रिल 2024 पासून बेनिनने कच्ची काजू बी देशाबाहेर पाठवायला बंदी केली. बी तिथेच फोडायची, गर बाहेर विकायचा. कोतोनूजवळ ग्लो-जिग्बेला त्यासाठी कारखान्यांची वसाहत उभी राहिली आहे. आमच्या धंद्याला ते जड गेलं, मादामना नसेल गेलं. आमच्याकडून आता तिकडे बी तपासायला कोणी जात नाही. पण दुसऱ्या कशाला तुमचं पाराकूला जाणं झालं, आणि सोफ्यावरून उठताना 'फर्र' वाजलं, तर आठ नंबरची खोली मागा आणि टेबलावरचं फुलाफुलांचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून जरा उचलून बघा.