आतून भिजलेला कॅमेरा

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी इरलं पाहिलंय? हात वर करा बघू! शहरातल्या मुलांचे हात बहुतेक खालीच राहतील. हरकत नाही, मी सांगते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचा जाड थर, आणि डोक्यापासून पाठीखालपर्यंत अंग झाकेल असा आकार. पुढून उघडं, खालूनही उघडं. कोकणात पूर्वी भरपावसात शेतात वाकून काम करणारी माणसं इरलंच घालायची.

माझ्याकडे इरलं घातलेल्या माझ्या आजोबांचा एक फोटो आहे. फोटो छान आहे, पण आजोबांच्या खांद्याशी आणि गालावर पांढरट ठिपक्यांची जाळी पसरलीय. घरी येणारे पाहुणे विचारतात, "फोटोवर पाऊस पडला की काय?" मी म्हणते, "पाऊस नाही हो, माझा शहाणपणा!" त्याच शहाणपणाची ही गोष्ट.

साल १९९२. मी सातवीत होते. आम्ही रत्नागिरीत राहायचो आणि माझं आजोळ होतं देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मामा मुंबईला नोकरीला. वर्षभर पैसे साठवून त्यानं एक जपानी कॅमेरा घेतला होता. आजच्यासारखं बटण दाबलं की झालं, असं नव्हतं. आत ३६ फोटोंचा रोल भरायचा, लेन्स फिरवून चित्र स्पष्ट करायचं, आणि फोटो कसा आलाय ते रोल धुऊन आल्यावरच कळायचं! मे महिन्यात मामा आला तेव्हा मी त्या कॅमेऱ्याच्या मागेच लागले. जाताना त्यानं तो चक्क माझ्या हातात दिला.

"एका अटीवर," तो म्हणाला. "आजोबांचा इरलं घातलेला, शेतातला एक फोटो काढायचा. मला पावसात रजा मिळत नाही. आणि हे बघ, कॅमेरा भिजता कामा नये."

"एक थेंब लागू देणार नाही!" मी म्हटलं.

१५ ऑगस्टला शनिवार होता, दुसऱ्या दिवशी रविवार. झेंडावंदन आटोपून मी एस.टी.नं आजोळी गेले. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, पण पावसाला कुणी ते सांगितलं नव्हतं बहुधा! आपल्या रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. सगळं पाणी जागच्या जागी साठलं, तर घराच्या छताला टेकेल.

शेतात बेणणी, म्हणजे तण काढायचं काम चालू होतं. शेत होतं पऱ्याच्या पलीकडे. पऱ्या म्हणजे ओढा. त्यावरचा साकव पहिल्याच पुरात वाहून गेला होता. म्हणजे पाण्यातूनच जायचं! मी तयारी करूनच आले होते. कॅमेरा त्याच्या चामड्याच्या कव्हरात, ते कव्हर टॉवेलात, टॉवेल प्लास्टिकच्या जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्हींची तोंडं सुतळीनं करकचून बांधलेली. मी स्वतः नव्या कोऱ्या रेनकोटात. आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसून म्हणाले, "अगो, प्लास्टिकात माणूस आतून भिजतो."

मी मनात म्हटलं, आजोबांना काय कळतंय! खरं तर रेनकोटाच्या आत माझा फ्रॉक घामानं अंगाला चिकटला होता.

पऱ्यापाशी पोचलो तर पाणी तांबडंलाल आणि खळाळत. आजोबा थांबले. पाण्याजवळ एक काठी रोवली आणि झाडाखाली बसून राहिले. "पाणी तांबडं आहे, म्हणजे वर अजून पडतोय. काठीजवळचं पाणी खाली गेलं की निघू." आपल्या कोकणातल्या नद्या-ओढे आखूड. सह्याद्रीवरून निघायचं आणि थोडक्या अंतरात समुद्र गाठायचा. त्यामुळे त्यांचं पाणी चढतंही झटकन आणि उतरतंही. तासाभरात पाणी निवळलं, गुडघ्याच्या खाली आलं. मग आजोबांनी माझा हात धरला. पिशवी मी पाठीवर बांधणार, तर म्हणाले, "बांधायची नाही. नुसती खांद्यावर घे. पाय घसरला तर पिशवी सोडून द्यायची. कॅमेरा दुसरा येईल, नात नाही यायची."

पलीकडे गेल्यावर पिशवी सोडून बघते तर काय! कॅमेरा कोरडा ठणठणीत! मामेभावानं माझ्यावर छत्री धरली, आजोबा भाताच्या हिरव्यागार चोंढ्यात उभे राहिले, डोक्यावर इरलं, हातात तणाची जुडी. मी फोटो काढला. तेवढ्यात सर आली. गडबडीत मी ओल्या हातांनीच कॅमेरा कव्हरात घातला, तो दमट टॉवेलात गुंडाळला आणि पुन्हा दोन्ही पिशव्या घट्ट बांधल्या. येताना पऱ्या ओलांडला, एस.टी. पकडली, संध्याकाळी रत्नागिरी. पिशवी तशीच कपाटावर ठेवली आणि घटक चाचणीच्या अभ्यासाला लागले. एक थेंब लागू दिला नव्हता की नाही? मला माझाच केवढा अभिमान वाटत होता!

पंधरा दिवसांनी गणपतीला आजोळी जाताना मी ती पिशवी सोबत घेतली. मामा आलाच होता. त्यानं सुतळी सोडली आणि कुबट वास आला. चामड्याच्या कव्हरावर पांढरट-हिरवी बुरशी, मखमलीसारखी. मामानं लेन्स उजेडात धरली. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते.

"शेवटचा कधी उघडला होतास?"

"परवाच," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं खरं, पण मामानं वर पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "नाही मामा. त्या दिवसापासून उघडलाच नाही."

मामा रागावला नाही. तेच जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "पाण्यातून बरोबर आणलास गं. आणि मग पाण्यासकट कोंडून ठेवलास."

आजी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मी कधी ओल्या हातानं पापडाचा डबा बंद करते का? मिठाच्या बरणीत तांदूळ का घालते? भिजलेले कपडे टोपलीवर घालून निखाऱ्यांवर का धरते? चार महिने घरात सगळं सुकं ठेवायचं, तर नुसतं झाकून भागत नाही. आधी सुकवायचं, मग झाकायचं."

त्या दिवशी मला आजोबांचं वाक्य समजलं. इरलं वरचा पाऊस अडवतं, पण खालून-पुढून वारा येऊ देतं, म्हणून आतला माणूस सुका राहतो. माझ्या पिशव्यांनी बाहेरचं पाणी अडवलं, पण आतलं पाणीही बाहेर जाऊ दिलं नाही. ओला हात, दमट टॉवेल आणि आत कोंडलेली पावसाळी हवा. बुरशीला आणखी काय हवं? हवेतला दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी जोमानं वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात तो ऐंशीच्या वर असतो. चामडं हे तर तिचं खाद्यच. फोटोच्या रोलवर जिलेटिनचा थर असतो, तोही तिला आवडतो. आणि ती वाढताना जे आम्ल सोडते, ते लेन्सच्या काचेवरचा पातळ थर खाऊन टाकतं.

रोल धुऊन आला तेव्हा आजोबांच्या फोटोवर ते ठिपके होते. मामानं लेन्स मुंबईला साफ करून घेतली. धागे गेले, पण त्यांचा पुसट ठसा काचेवर कायमचा राहिला. "पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काढू फोटो," आजोबा मला समजावत म्हणाले. पण पुढच्या पावसाळ्यात त्यांचे गुडघे इतके दुखायला लागले, की ते शेतात उतरलेच नाहीत. ते इरलं पडवीत टांगलेलंच राहिलं. म्हणून माझ्याकडे तो एकच फोटो आहे, ठिपक्यांचा.

तेव्हापासून कितीतरी पावसाळ्यांत कॅमेरा घेऊन मी हिंडलेय. जे शिकले, ते तुम्हांला सांगते.

पहिलं म्हणजे, पिशवीचं तोंड नुसतं बांधायचं नाही. आतली हवा थोडी काढून टाकायची, तोंड पीळ देऊन दोरीसारखं करायचं, ते उलटं दुमडायचं आणि मग बांधायचं. आत कोरडंच फडकं घ्यायचं. ओला टॉवेल वेगळ्या पिशवीत.

दुसरं, कॅमेरा बाहेर काढण्याआधी हात पुसायचे. कॅमेरे ओढ्यात पडून भिजतात त्याहून जास्त वेळा आपल्या ओल्या हातांनी आणि बाहीवरून निथळणाऱ्या पाण्यानं भिजतात.

तिसरं, आणि हेच मी चुकले होते. घरी पोचल्यावर स्वतः पाय धुवायच्या आधी पिशवी उघडायची. कॅमेरा पुसायचा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचा. चामड्याचं कव्हर पावसाळ्यात वापरायचंच नाही. सुकला की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. नव्या बुटांच्या खोक्यात त्या सापडतात. पण त्या फोडायच्या नाहीत आणि लहान भावंडांच्या हाती द्यायच्या नाहीत. त्या नसल्या तर आजीचे तांदूळ! पण कच्चे नाहीत. कच्च्या तांदळात शंभर ग्रॅममागे बारा-तेरा ग्रॅम पाणी आधीच असतं, तो आणखी किती शोषणार? तांदूळ तांबूस होईपर्यंत भाजायचे, झाकणाच्या डब्यातच गार करायचे आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवायचे. सिलिका जेल मिळत नसे, तेव्हा उष्ण, दमट देशांत फिरणारे फोटोग्राफर हेच करायचे.

चौथं, गारठ्यातून एकदम दमट हवेत कॅमेरा काढायचा नाही. एसी गाडीतून उतरलात की चष्म्यावर धुकं येतं ना? तेच लेन्सवर येतं. थंड वस्तूवर हवेतली वाफ जमून तिचं पाणी होतं. १९१० साली निघालेल्या कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग नावाचा फोटोग्राफर होता. बाहेरच्या बर्फाळ थंडीतून कॅमेरा उबदार झोपडीत आणला, की तो ओलाचिंब व्हायचा. म्हणून तो कॅमेरे झोपडीबाहेरच ठेवायचा! आपण एवढं करायला नको. गाडीतून उतरल्यावर अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्यायचा, म्हणजे तो बाहेरच्या हवेइतका कोमट होतो.

"पण आमचा मोबाइल तर वॉटरप्रूफ आहे," असं म्हणाल तुम्ही. डब्यावर आय.पी. ६७ असं लिहिलेलं असतं. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो. पण ही परीक्षा नव्या मोबाइलची, गोड्या आणि स्थिर पाण्यात घेतलेली असते. मांडवीच्या खाऱ्या लाटांची नाही! शिवाय आतलं रबर वर्षागणिक झिजतं. मोबाइल भिजलाच तर तो बंद करा, पुसा, वाऱ्यावर ठेवा आणि ओला असताना चार्जिंगला मुळीच लावू नका. तांदळाच्या डब्यातही खुपसू नका. त्याचे बारीक कण आत जाऊन मोबाइल बिघडू शकतो, असं ॲपल कंपनीनंही २०२४ साली सांगितलंय. म्हणजे तांदूळ पुरचुंडीतच बरे!

आणि पाचवं, जे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. पाणी तांबडं असेल, चढत असेल किंवा गुडघ्याच्या वर असेल तर पाय ठेवायचा नाही. मोठं माणूस सोबत नसेल तर उथळ पाण्यातही नाही. फोटो राहिला तर राहिला.

मागच्या पावसाळ्यात मी माझ्या भाचीला उक्षीच्या सड्यावर घेऊन गेले. तिथे कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे. रत्नागिरीच्या आसपासची अशी कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. सड्यावर सगळीकडे पाणीच पाणी, आम्ही त्यातून चबक-चबक करत गेलो. भाचीनं मनसोक्त फोटो काढले आणि दोघी चिंब होऊन घरी आलो. मी "आधी केस पूस गं!" म्हणेपर्यंत पोरीनं पिशवी उघडून कॅमेरा पंख्याखाली ठेवलासुद्धा होता.

वर भिंतीवर आजोबा होते, इरल्यातले, ठिपक्यांचे. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "आजोबा, कळलं हो एकदाचं!"