बारा कोस आणि एक जिना

बारा कोसांवर भाषा बदलते, असं म्हणतात. कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल, तेव्हा बारा कोस म्हणजे चाळीसेक किलोमीटर. बैलगाडीने निघालं तर वाटेत एक मुक्काम पडावा, एवढं हे अंतर. तेवढ्यात बोलण्याचा हेल बदलतो, भाज्यांची नावं बदलतात.

म्हैसूरच्या एका घरात मात्र तेवढ्यासाठी एक जिना पुरत होता. कवी ए. के. रामानुजन यांचा जन्म १९२९ साली म्हैसूरचा. खाली आईशी तमिळ, वर गणिताच्या प्राध्यापक वडिलांच्या खोलीत इंग्रजी आणि रस्त्यावर कन्नड. पोरं दिवसभर खालीवर, आतबाहेर करत आणि प्रत्येक फेरीत भाषा बदलत. कुणी कसलं वेळापत्रक आखलं नव्हतं.

आता ते आखलं जातं. पुण्यात किंवा बंगळुरूत आई मराठी आणि बाबा बंगाली असले, की कुणी कुठल्या भाषेत बोलायचं हे बाळाच्या जन्माआधीच ठरतं. ‘एक पालक, एक भाषा’ ही युक्ती जुनी आहे. भाषाशास्त्रज्ञ जूल रोंजा आपल्या मुलाशी फ्रेंचच बोलत, त्याची आई जर्मनच. १९१३ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मूल दोन्ही भाषा नीट शिकलं.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी होती. १९७३चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं ते कन्नड कवितेसाठी. गिरीश कर्नाड १९३८ साली माथेरानला जन्मले, घरी कोकणी बोलत, वाढले शिरसी-धारवाडात आणि नाटकं लिहिली कन्नडमध्ये. रामानुजन यांनी कविता केल्या इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. तमिळमधून त्यांनी अनुवाद केले. सवंगड्यांची भाषा लेखणीत उतरली, आईची घरात राहिली. आई-बाप जिवापाड जपतात ती भाषा एक आणि मूल मित्रांकडून उचलतं ती दुसरी, असंच असेल का?

रामानुजन बेळगावच्या लिंगराज कॉलेजात शिकवायचे. कर्नाटकातल्या लोककथा त्यांनी आयुष्यभर जमवल्या. त्यांतली एक वारंवार आठवते. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत होतं, पण ती कुणालाच सांगत नसे. आत कोंडून कोंडून दोघं कंटाळली आणि बाई झोपली असताना तिच्या उघड्या तोंडातून निसटली. गोष्टीचा झाला जोडा, गाण्याचा झाला कोट. नवऱ्याने दारातला जोडा पाहिला, खुंटीवरचा कोट पाहिला. संशयाने भांडण पेटलं आणि रागारागाने तो हनुमानाच्या देवळात जाऊन निजला. गावातले दिवे मालवले की त्यांच्या ज्योती त्याच देवळात गप्पा मारायला जमत. त्या दिवशी एक ज्योत उशिरा आली. उशीर का झाला हे सांगताना तिने खरा प्रकार सांगितला आणि नवऱ्याने तो ऐकला. घरी येऊन त्याने बायकोला गोष्टीबद्दल विचारलं. तिला काहीच आठवेना!

ही कथा कर्नाडांना रामानुजन यांच्याकडूनच मिळाली. ‘नागमंडल’ नाटक तिच्यातल्या ज्योतींपासून सुरू होतं. मित्राने मित्राला दिलेली ही केवढी ठेव!

पण ही कथा कन्नड, म्हणजे रामानुजन यांच्यासाठी घराबाहेरच्या भाषेतली. मग ती टिपणारा कान कुठे तयार झाला? खाली, तमिळमध्ये जेवताना गोष्टी ऐकत, की रस्त्यावर? त्या कथेतली बाई तरी कुठल्या भाषेत गप्प होती? वेळापत्रक काटेकोर पाळणाऱ्या घरातही एखादी गोष्ट सांगायची राहत असेल, आणि एखादं पोर शेजारच्या जिन्यावर बसून ती भलत्याच भाषेत ऐकत असेल. त्याच्या आईने याचं वाईट वाटून घ्यावं की बरं, हे काही केल्या ठरवता येत नाही.