थ्रो-इन : आता मी शिट्टीच्या बाजूनं

गिरडसारख्या गावात पोरं फुटबॉल खेळताना दिसली की माझं एकच म्हणणं असायचं : थ्रो-इनला पाय उचलला तर उचलू द्या, खेळ थांबवू नका. इथं आधी कबड्डी, मग क्रिकेट. फुटबॉलला जेमतेम एक संघ उभा राहतो. फक्कीची रेघ मध्यंतरापर्यंत पुसून जाते. अशा मैदानावर पायाच्या टाचेसाठी शिट्टी वाजवणं मला पोरांच्या उत्साहावर पाणी ओतण्यासारखं वाटायचं. हे मत मी ठासून मांडत आलो. आज मी नेमकं उलट सांगतो.

पहिलं कारण खुद्द नियम क्रमांक 15. तो वाटतो तितका जाचक नाही. तोंड मैदानाकडे, चेंडू दोन्ही हातांत, फेक डोक्यामागून डोक्यावरून. पायांचं म्हणाल तर चेंडू सुटतो त्या क्षणी दोन्ही पायांचा थोडा तरी भाग रेघेवर किंवा रेघेबाहेर जमिनीला टेकलेला हवा. बस्स. अख्खा तळवा टेकायची सक्ती नाही. धावत या, मागचा पाय ओढत आणा, रेघेबाहेर चवड्यावर उभे राहा, सगळं चालतं. घोटाळा होतो तो पंजा मैदानात आणि टाच तेवढी रेघेवर असताना. ती टाच उचलली की फेक चुकली. क्रिकेट खेळणारी पोरं इथंच अडखळतात, कारण गोलंदाजाच्या पुढच्या पायाची टाच क्रीजमागे हवेत असली तरी चालते. थ्रो-इनमध्ये हवेतल्या टाचेला किंमत नाही.

जुन्या काळी फेक एका हातानं होई. इंग्लंडचा विल्यम गन, जो नॉटिंगहॅमशायरकडून क्रिकेटही खेळायचा, तो एका हातानं चेंडू फार लांब भिरकवायचा. 1882 मध्ये दोन हातांची अट आली. थ्रो-इन हे खेळ पुन्हा सुरू करण्याचं साधन राहावं, हल्ल्याचं आयतं हत्यार होऊ नये, हा त्यामागचा हेतू मला पटतो. थ्रो-इनवरून थेट गोल धरत नाहीत, तेही मला त्याच हेतूला धरून वाटतं. तरीही हे कौशल्य केवढं मोलाचं! 2018 मध्ये लिव्हरपूलनं केवळ थ्रो-इनसाठी थॉमस ग्रोनेमार्क हा डॅनिश प्रशिक्षक आणला.

माझं मन खऱ्या अर्थानं पालटलं ते मात्र एका पोरामुळे. गावात बिनधास्त उडी मारून फेकणारा तो पोरगा तालुक्याबाहेरच्या सामन्यात गेला. शिट्टी वाजली, चेंडू समोरच्या संघाला. "सर, थोडासाच तं उचलला," तो म्हणाला. गावात त्याला कुणी अडवलंच नव्हतं. ज्याला मी मोकळीक म्हणत होतो, तिची किंमत त्यानं परक्या मैदानावर सगळ्यांसमोर मोजली.

गावोगावच्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. सरावात रेघेमागची माती हातानं सारखी करा आणि पोराला मागच्या पायाचा अंगठा घासत फेकायला लावा. मातीत अखंड चर उमटला, तर पाय जमिनीला होता. मधेच तुटला, तर कुठं सुटला ते पोराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. यासाठी पैसा लागत नाही, महागडे बूटही लागत नाहीत. सरावात दहा वेळा समजावा. सामन्यात मात्र पाय सुटला की शिट्टी वाजवाच.