तालुका लिहायचा कंटाळा

परवा ऑफिसात टीममधला एक पोरगा आला. म्हणाला, "सर, डिस्कचा पत्ता एवढा लांबलचक कशाला? सर्व्हर नाही दिला तर आपला नेहमीचा धरू ना." मी जरा जोरातच "नाही" म्हणालो. बिचारा दचकला :)

त्याचं कारण जुनं आहे. मी इस्लापूरचा. तालुका किनवट, जिल्हा नांदेड. १९९८ साली नोकरीचा अर्ज भरताना बाबा म्हणाले होते, "ता., जि. आन् पिन लिहिल्याबिगर पाकीट टाकू नको." मी घाईत नुसतं 'मु. पो. इस्लापूर, महाराष्ट्र' लिहिलं. तिकडे कुणाला तरी वाटलं असणार, पोराने 'म' गाळला. मुलाखतीचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला (आता ईश्वरपूर) फिरून आलं, तेव्हा तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

सारख्या नावांचा हा घोळ ओळखूनच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोड आखला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. सहा आकडे, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली: पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. अंदाजाला जागाच नाही.

आता आमचं काम. एका कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने दुसरा कॉम्प्युटर उभा करायचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्याची डिस्क बहुतेक वेळा नेटवर्कवर भलतीकडेच असते. ती कुठे आहे हे लिहायची रीत कुणीतरी ठरवावी लागते. क्यूएमू या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये आधी 'एनबीडी:सर्व्हर:पोर्ट' असं लिहीत. सुटसुटीत! पण आयपीव्ही-सिक्सच्या पत्त्यात मुळातच विसर्गासारखे ढीगभर कोलन. मग सर्व्हर कुठे संपला आणि पोर्ट कुठे सुरू झाला? २०१२च्या सुमारास वेबसाइटसारखे पत्ते आले: दोन तिरप्या रेघा, आणि असले आकडे चौकटी कंसात. २०१७ मध्ये तर प्रत्येक गोष्ट नाव घेऊन सांगायची सोय झाली: सर्व्हर हा, पोर्ट हा, डिस्क ही. लिहायला लांब, पण वाचणाऱ्याला तर्क लढवावा लागत नाही.

हे सगळं माहीत असून मी स्वतः एका जुन्या नोकरीत तीच चूक केली होती. सर्व्हर न दिल्यास नेहमीचा धरायचा, अशी सोय मीच ठेवली. एका ग्राहकाने सर्व्हर लिहिला नाही. नेहमीच्या सर्व्हरवर त्याच नावाची दुसऱ्याच कुणाची डिस्क होती. मशीनने ती निमूट जोडली. नशिबाने काही लिहिलं जायच्या आत लक्षात आलं. त्या रात्री ते नऊ दिवस उशिरा आलेलं पाकीट डोळ्यांपुढे होतं. फरक इतकाच, की या वेळी 'म' घालणारा मी होतो.

पोर्ट गाळला तर ठरलेला धरावा, त्याने फार बिघडत नाही. चुकला तर जोडणीच होत नाही, लगेच कळतं. पण कुणाची डिस्क, हे मशीनने ओळखायला जाऊ नये. सरळ थांबावं आणि विचारावं.

पोराला हे सगळं सांगितलं. त्याला पटलं असावं. जाता जाता म्हणाला, "सर, ती नोकरी कुठली होती?"

ते मात्र नाही सांगितलं. असो.